ब्राँझचा सातबारा

आमचा गावाकडचा वाडा विकायचं ठरलं तेव्हा सगळ्यात आधी भांड्यांची मोड झाली. अंगणात ताडपत्री अंथरून तिच्यावर घंगाळ, बंब, हंडे, पराती असा ढीग लागला. मोडवाल्याने काटा मांडला, तांबं एकीकडे, पितळ एकीकडे, कासं एकीकडे असे वाटे केले आणि ज्या घंगाळातल्या पाण्याने तीन पिढ्यांची दिवाळीची पहिली आंघोळ झाली त्याचा किलोचा भाव सांगून मोकळा झाला. कोणी हुज्जत घातली नाही. शेवटी काकांनी देवघरातलं ताम्हण आणून ठेवलं. त्यात चुकून रांगता बाळकृष्ण राहिला होता. मोडवाल्याने तो दोन बोटांनी उचलून ओसरीच्या कट्ट्यावर ठेवला आणि म्हणाला, "हा काट्यावर नाही घेत आपण."

तीन इंचांची ती मूर्ती. आजीने साठेक वर्षं चिंच-रांगोळीने घासून तिचं नाक सपाट केलं होतं, डोळे पुसले गेले होते. हातातला लोण्याचा गोळा तेवढा शाबूत. ताम्हण आणि बाळकृष्ण, दोन्ही पितळेचेच. मग एक काट्यावर जातं आणि दुसरा जात नाही, ते कशाच्या जोरावर? धातूच्या तर नक्कीच नाही. ओतलेल्या मूर्तीची किंमत धातूबाहेर कुठेतरी असते, आणि ती नेमकी कुठे असते हे तपासायला लिलावासारखी दुसरी जागा नाही.

लिलाव हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. त्यांच्या 'लेइलांव'चं आपण लिलाव केलं आणि तो लासलगावच्या बाजार समितीपर्यंत नेला. तिथे व्यापारी ट्रॉलीतल्या कांद्यात हात घालतो, चार कांदे चाचपतो आणि बोली लावतो. माल हातात, भाव तोंडात. याच्या उलट गोव्यातल्या देवळातली पावणी. देवाला वाहिलेला नारळ तिथे बाजारभावाच्या कितीतरी पट बोलीला जातो, कारण बोली लावणारा नारळ घेत नसतो, प्रसाद घेत असतो. ब्राँझच्या शिल्पाचा लिलाव या दोन्हींपेक्षा निराळा. तिथे माल चाचपून काही कळत नाही आणि श्रद्धेवर कोणी कोट्यवधी डॉलर मोजत नाही. तिथे विकला जातो कागद. कोणी घडवलं, कोणी ओतलं, कधी ओतलं, कितव्या क्रमांकाची प्रत, कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली: जमिनीच्या सातबाऱ्यासारखा हा ब्राँझचा सातबारा. मूर्ती त्या उताऱ्याबरोबर मिळते, एवढंच.

हे अतिशयोक्तीचं वाटत असेल, तर एका नर्तकीची गोष्ट पाहा.

१२ मे २०२२ रोजी न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टीजच्या लिलावात एदगार देगा या फ्रेंच कलावंताची 'चौदा वर्षांची छोटी नर्तकी' विकली गेली. उंची साधारण एक मीटर. अंग ब्राँझचं, कमरेला खऱ्या कापडाचा झगा, वेणीला खरी रेशमी फीत. लिलावगृहाचं कमिशन धरून किंमत आली ४ कोटी १६ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने तीनशे कोटी रुपयांच्या वर. देगाच्या कोणत्याही कृतीला लिलावात तोवर इतकी किंमत मिळाली नव्हती. आणि ज्याच्या नावावर ही किंमत आली त्या देगाने ही ब्राँझची मूर्ती जन्मात पाहिलेली नव्हती.

देगाने केली ती मेणाची. तिच्यासाठी उभी राहिली मारी फान गोएथेम नावाची मुलगी. आई धोबीण, घर गरिबीचं. पॅरिस ऑपेराच्या नृत्यशाळेत शिकणाऱ्या अशा पोरींना तिथे 'छोटे उंदीर' म्हणत. १८८०च्या प्रदर्शनात ही मूर्ती येणार असं जाहीर झालं होतं. प्रत्यक्षात देगाने नुसती रिकामी काचेची पेटी ठेवली. मूर्ती आली १८८१ साली. मेणाचं अंग, डोक्यावर खरे केस, अंगात खरी चोळी, पायात नाचाचे खरे जोडे. लोक बिचकले. काही समीक्षकांना ती शिल्पापेक्षा वैद्यकीय संग्रहालयातला नमुना वाटली. प्रदर्शन संपल्यावर देगाने ती घरी नेली आणि पुन्हा कधीही लोकांपुढे आणली नाही.

१९१७च्या सप्टेंबरात देगा वारला तेव्हा त्याच्या घरात मेणाच्या आणि मातीच्या दीडशेच्या आसपास आकृत्या निघाल्या. कित्येक मोडलेल्या, कित्येकांच्या आतून तारा आणि चिंध्या डोकावणाऱ्या. हयातीत त्याने यांतली एकही ब्राँझमध्ये ओतून घेतली नव्हती. ब्राँझमध्ये काही मागे ठेवून जाणं ही फार मोठी जबाबदारी आहे, अशा अर्थाचं तो मित्रांना म्हणे. वारसांना ही जबाबदारी तितकी जड वाटली नाही. त्यांनी एब्रार या ओतशाळेशी करार केला. तिथल्या आल्बिनो पालात्सोलो या कसबी इटालियन ओतकाराने सत्तरच्या वर आकृत्या ब्राँझमध्ये उतरवल्या. त्याने मूळ मेणावरून जिलेटिनचा साचा घेतला, त्यातून दुसरं मेण काढलं, त्या मेणावरून ब्राँझची एक 'आदर्श' प्रत ओतली आणि पुढच्या विक्रीच्या प्रती त्या आदर्श प्रतीवरून काढल्या. म्हणजे बाजारात आली ती प्रतीची प्रत. धातू निवताना आकसतो, त्यामुळे प्रत्येक पिढीत मूर्ती केसभर लहान होते. तज्ज्ञ कॅलिपर लावून तिची पिढी ओळखतात. छोट्या नर्तकीच्या अशा ब्राँझच्या प्रती आज अठ्ठावीसच्या आसपास आहेत. मूळ मेणाची मूर्ती वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत आहे. ती विकाऊ नाही, आणि लिलावात येणाऱ्या प्रत्येक भगिनीपेक्षा ती निश्चितच जास्त देगाची आहे.

मग तीनशे कोटी कशाचे? धातूचे नाहीत. देगाच्या बोटांचेही नाहीत, कारण ती बोटं मेणावर फिरली, ब्राँझवर नाही. ते पैसे आहेत वारसांच्या कराराचे, एब्रारच्या शिक्क्याचे आणि यापुढे आणखी प्रती निघणार नाहीत या हमीचे. पहिल्या दोन गोष्टी कागद आहेत, तिसरी वचन आहे.

ब्राँझची मेख इथेच आहे. दगड एकदाच कोरला जातो, चित्र एकदाच रंगवलं जातं. ओतीव काम मात्र साचा असेपर्यंत कितीही वेळा करता येतं. म्हणून 'मूळ' कशाला म्हणायचं हे ब्राँझच्या बाबतीत हातांनी ठरत नाही, कायद्याला ठरवावं लागतं. फ्रान्समध्ये तसं ठरलं आहे: एका साच्यातून आठ क्रमांकित प्रती आणि चार कलावंताच्या म्हणून राखलेल्या, अशा बारापर्यंतच्या ओतीव प्रतींना मूळ कलाकृती म्हणायचं. तेरावी निघाली की ती नक्कल. बारावी आणि तेरावी यांच्यात डोळ्यांना दिसणारा फरक शून्य आणि बाजारातला फरक आकाशपाताळाचा. ऑग्युस्त रोदॅंने मरणाआधी आपलं सगळं काम आणि त्याचे हक्क फ्रेंच सरकारला देऊन टाकले. तोही वारला १९१७ सालीच. त्याचं 'नरकाचं द्वार' ब्राँझमध्ये पहिल्यांदा ओतलं गेलं ते तो गेल्यानंतर. ते रोदॅंचं नाही असं कोणी म्हणत नाही, कारण कागद तसं सांगतो.

ही टंचाई मुद्दाम आणलेली आहे, हे बाजाराला पुरेपूर ठाऊक असतं. २०१५च्या मे महिन्यात आल्बेर्तो जाकोमेत्तीचा 'बोट दाखवणारा माणूस' क्रिस्टीजमध्येच १४ कोटी डॉलरच्या वर गेला. १९४७च्या त्या शिल्पाच्या प्रती सहा, आणि कलावंताची म्हणून राखलेली आणखी एक. तीच आकृती न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे, लंडनच्या टेट गॅलरीतही आहे. तिथे कोणीही जाऊन पाहू शकतं. घेणाऱ्याने पाहण्याचे पैसे दिले नाहीत. सातापैकी एक आपल्याकडे असल्याचे दिले. याला मी नावं ठेवत नाही. पोस्टाच्या तिकिटांत, जुन्या नाण्यांत, शहरातल्या जमिनीतही टंचाईच विकली जाते. माझं म्हणणं इतकंच की, आपण 'कलेला किती किंमत आली' अशी बातमी वाचतो तेव्हा ती कलेची नसते, उताऱ्याची असते.

आता दुसरा नर्तक पाहू. तो या हिशेबात बसत नाही, म्हणून तो मला महत्त्वाचा वाटतो.

चोळांच्या काळातली तमिळ ब्राँझं ओतण्याची रीत अशी: मेणात अख्खी मूर्ती घडवायची, तिच्यावर ओढ्याकाठच्या बारीक मातीचे थर द्यायचे, तापवून मेण वाहून जाऊ द्यायचं आणि त्या पोकळीत रस ओतायचा. रस थिजला की माती फोडायची. मेण गेलेलं, साचा फुटलेला. उरते ती एकच मूर्ती. ही रीत केवळ कावेरीकाठची नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लास'मध्ये तिचं वर्णन आहे. मेण आधी तोलावं आणि त्याच्या पटीत धातू घ्यावा, असा ओतकाराचा हिशेबही आहे. आजच्या महाराष्ट्राचा बराच मुलूख तेव्हा त्या राज्यात होता. देवघरातले टाक घडवणाऱ्या आपल्या कारागिरांना तोलून घेण्याचं हे गणित परकं वाटणार नाही. या रीतीत 'आठातली तिसरी' ही भाषाच संभवत नाही. साचा कपाटात ठेवून पैसे करण्याची सोयच नाही.

तंजावर भागातल्या शिवपुरम गावात १९५१ साली एका शेतकऱ्याला शेतात ब्राँझच्या मूर्ती सापडल्या. त्यांत एक नटराज होता, दहाव्या शतकाच्या आसपासचा. मूर्ती गावच्या देवळात गेल्या. काही वर्षांनी डागडुजीसाठी त्या एका स्थपतीकडे दिल्या गेल्या. त्याच्याकडे नटराजाची हुबेहूब प्रत तयार झाली. देवळात परत आली ती प्रत, आणि मूळ मूर्ती विकली गेली. गाव त्या प्रतीला अभिषेक करत राहिलं, नैवेद्य दाखवत राहिलं. मूळ मूर्ती फिरत फिरत मुंबईतल्या एका संग्राहकाकडे पोचली होती. ब्रिटिश म्युझियमचे डग्लस बॅरेट यांनी सुरुवातीच्या चोळ ब्राँझांवर एक पुस्तक लिहिलं आणि ते १९६५ साली छापलं गेलं मुंबईतच, भुलाभाई मेमोरियल इन्स्टिट्यूटतर्फे. देवळातला नटराज आजकालचा आहे आणि खरा एका खासगी संग्रहात आहे, हे त्यात नमूद होतं. एका अभ्यासकाचा डोळा आणि छापील पान, एवढ्यावर चोरी उघड झाली. तरीही मूर्ती देशाबाहेर गेलीच. १९७३ साली कॅलिफोर्नियाचे उद्योगपती नॉर्टन सायमन यांच्या प्रतिष्ठानाने ती न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याकडून ९ लाख डॉलरना घेतली.

भारत सरकार कोर्टात गेलं. १९७६ साली तडजोड झाली: मूर्ती भारताची हे मान्य, पण दहा वर्षं ती पासाडेनाच्या नॉर्टन सायमन म्युझियममध्ये राहील. १९८६ साली ती परत आली. गावच्या देवळात मात्र गेली नाही. सुरक्षिततेसाठी कुलपाआड गेली.

या गोष्टीतला एक योगायोग मला सोडवत नाही. देगाच्या ज्या 'आदर्श' प्रती पालात्सोलोने ओतल्या होत्या, त्या पुढे सापडल्या आणि १९७७ साली विकत घेतल्या गेल्या. घेणारे हेच नॉर्टन सायमन. म्हणजे काही वर्षं एकाच छपराखाली दोन नाचणारे होते. एक छोटी नर्तकी, जिच्या ब्राँझच्या अंगाला मूळ म्हणायचं की नक्कल यावर तज्ज्ञ अजून भांडतात आणि तरी जिच्या प्रत्येक प्रतीला बाजार मूळचा भाव देतो. दुसरा नटराज, जो निर्विवाद मूळ होता आणि ज्याचं देवपण तंजावरकडच्या एका गावात एक नक्कल सांभाळत होती. पहिलीत नक्कल मूळ म्हणून विकली जाते, दुसऱ्यात नक्कल मूळ म्हणून पुजली जाते. मग फसवणूक कुठे झाली?

माझ्या मते शिवपुरमच्या लोकांची पूजा फसवी नव्हती. प्राणप्रतिष्ठा धातूच्या वयावर होत नाही. मोडवाल्यालाही हे ठाऊक होतं. फसवणूक झाली ती उताऱ्यात. गावाच्या नावावरची वस्तू गावाला न विचारता दुसऱ्याच्या नावावर चढली. खेड्यात जमिनीच्या फेरफारात घोटाळा करून भावकीला देशोधडीला लावणारे तलाठ्याच्या कचेरीबाहेर बसलेले असतात. तशीच जात या धंद्यातही असते, फक्त कपडे बरे असतात.

याचं अलीकडचं उदाहरण श्रीपुरंतनचं. तमिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातल्या या गावातलं शिवालय ओस पडत चाललं होतं, नित्यपूजा थांबली होती. तिथला नटराज चोरीला गेला आणि सुभाष कपूर या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्यामार्फत २००८ साली ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने तो सुमारे ५० लाख अमेरिकी डॉलरना घेतला. मूर्तीबरोबर पूर्वीच्या मालकीची कागदपत्रं होती. सगळी बनावट. मूर्ती खरी, उतारा खोटा. तो खोटा पडला तो पाँडिचेरीच्या फ्रेंच इन्स्टिट्यूटमधल्या जुन्या फोटोंमुळे. तिथल्या अभ्यासकांनी अनेक वर्षं गावोगावी हिंडून देवळांतल्या मूर्तींचे फोटो काढून ठेवले होते. फोटोतला नटराज आणि कॅनबेराच्या दालनातला नटराज एकच, हे जुळवून पाहता आलं. २०१४ साली ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत परत दिला. कपूरला २०११ साली जर्मनीत अटक झाली होती. २०२२ साली कुंभकोणमच्या कोर्टाने दुसऱ्या एका देवळातल्या मूर्तिचोरीच्या खटल्यात त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. पन्नास लाख डॉलर मोजणाऱ्या संस्थेची वकिली तपासणी ज्या जागी फसली, त्या जागी एक कृष्णधवल फोटो पुरा पडला.

लिलावगृहांच्या बाजूने बोलणारे यावर म्हणतील, की ही दोन्ही उदाहरणं व्यापाऱ्यांच्या बंद दाराआडच्या सौद्यांची आहेत. लिलाव निदान उघड्यावर होतो. हा मुद्दा खोटा नाही. लिलावाची सूची छापली जाते, फोटो जगभर जातात, कोणालाही हरकत घेता येते. इंडिया प्राइड प्रोजेक्टसारखे स्वयंसेवक अशाच सूच्या चाळून, जुन्या फोटोंशी ताडून चोरीच्या मूर्ती हुडकतात. लिलाव बंद करा असं म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं, की लिलाव बंद झाल्याने व्यवहार थांबणार नाही, अंधारात जाईल. आणखी एक मुद्दा मला मान्य आहे. मूर्तीला धातूपेक्षा जास्त किंमत आली म्हणून ब्राँझ टिकलं, एरवी ते भट्टीतच जात आलं. प्राचीन ग्रीकांची बहुतेक ब्राँझं वितळवली गेली. वाचली त्यांतली कित्येक जहाजं बुडून समुद्रतळाशी गेली म्हणून वाचली. दुसऱ्या महायुद्धात पॅरिसच्या चौकांतले पुतळे धातूसाठी भट्टीत गेले. आपल्याकडे दिवेआगरचा सोन्याचा गणपती २०१२ साली चोरीला गेला तेव्हा चोरांनी मुखवटा वितळवला. सोन्याला सातबारा लागत नाही, ते वजनावर खपतं. पुढे त्याच सोन्यातून नवा मुखवटा घडवून २०२१ साली बसवावा लागला. ब्राँझ वितळवलं तर चोराच्या हाती किलोला काही शे रुपये. म्हणून तो मूर्ती अख्खी ठेवतो. बाजाराचं हे एक पुण्य मी नाकारत नाही.

पण उघडेपणा म्हणजे प्रामाणिकपणा नव्हे. सातबाऱ्यावर पहिली नोंद कुठून सुरू करायची, हे लिलावगृह ठरवतं. २००९च्या फेब्रुवारीत पॅरिसमध्ये वस्त्रकार ईव्ह सॅं लोरॉं यांच्या संग्रहाचा लिलाव झाला. त्यात ब्राँझची दोन मुंडकी होती: उंदराचं आणि सशाचं. पेकिंगजवळच्या उन्हाळी राजवाड्यातल्या जलघटिकेभोवती बारा राशींचे बारा प्राणी होते, त्यांतली ही दोन. १८६० साली ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी तो राजवाडा लुटला आणि जाळला. हा इतिहास कोणी लपवलेला नव्हता, शाळकरी पोरांनाही माहीत होता. तरीही अलीकडच्या मालकीची साखळी कायदेशीर आहे असं लिलावगृहाने म्हटलं आणि पॅरिसच्या न्यायालयाने लिलाव थांबवायला नकार दिला. दोन्हींवर प्रत्येकी १ कोटी ४० लाख युरोची बोली लागली. बोली लावणारे चिनी गृहस्थ मग पत्रकारांपुढे आले आणि म्हणाले, मी पैसे देणार नाही. लिलाव फिसकटला. २०१३ साली क्रिस्टीजची मालकी असलेल्या पिनो कुटुंबाने ती मुंडकी विकत घेऊन चीनला भेट दिली. भेट दिली, परत केली नाही. शब्द पारखून घ्या. उताऱ्यावर लुटीची नोंद नसेल तर परतफेडीचीही होत नाही.

सगळ्यांत अवघड प्रश्न तर याच्याही मागे आहे. उतारा सुरू होतो त्याआधी काय? ते मातीला ठाऊक असतं. १९७४ साली अहिल्यानगर जिल्ह्यात, प्रवरेकाठच्या दायमाबादला एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाच्या मुळाशी खणताना चार ओतीव वस्तू सापडल्या: बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, हत्ती, गेंडा, रेडा. एकूण वजन साठ किलोंच्या वर. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात त्या पाहताना गेंड्याच्या कातडीच्या घड्यांवरून आजही नजर हटत नाही. त्या सुदैवाने लिलावात गेल्या नाहीत, मोडीतही गेल्या नाहीत, सरकारजमा झाल्या. तरी त्यांच्या काळाबद्दल पंडितांत वाद आहे. काही पुरातत्त्वज्ञांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या. धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणाकडे बोट दाखवून दुसऱ्यांनी शंका घेतली. वाद मिटत नाही याचं कारण साधं आहे. त्या शास्त्रीय उत्खननात, थरात मिळाल्या नाहीत. कुठल्या थरात, कोणत्या खापराशेजारी, ही नोंद नाही. मातीचा थर हा पहिला फेरफार, आणि तो एकदा विस्कटला की कोणत्याही तलाठ्याला पुन्हा लिहिता येत नाही. विकण्यासाठी रातोरात उकरलेल्या प्रत्येक मूर्तीबरोबर हे पान फाटतं. लिलावात तिला कितीही किंमत येवो, ते पान येत नाही.

म्हणून माझा निष्कर्ष असा. लिलावातल्या ब्राँझकडे पाहताना सौंदर्याआधी उतारा वाचावा. देगाच्या नर्तकीचा उतारा लांबलचक आहे, वादग्रस्त आहे, पण निदान उघड आहे. त्यात मारीचं नाव मात्र कुठल्याच मालकीच्या रकान्यात नाही. ज्या मुलीच्या अंगाचा हा आकार, ती नाचाच्या तालमी चुकवते म्हणून १८८२ साली ऑपेरातून काढली गेली. श्रीपुरंतनच्या नटराजाला उताराच नव्हता. होता तो चोराने लिहिलेला. गरीब गावांचं दुर्दैव हे, की आपल्या वस्तूचा पहिला कागद बहुतेक वेळा ती पळवणाराच लिहितो.

हे बदलायला कोट्यवधी लागत नाहीत. आपल्याकडे पुरावस्तू आणि कलानिधींविषयीचा १९७२चा कायदा आहे, तो १९७६पासून लागू आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती पुरावस्तू ठरते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. पण चोरी झाल्यावर पोलीस पहिला प्रश्न विचारतात तो फोटोचा, आणि बहुतेक देवळांच्या विश्वस्तांकडे असतो तो गुलाल-फुलांनी झाकलेल्या, दागिने घातलेल्या उत्सवमूर्तीचा. त्यावरून परदेशातल्या सूचीत मूर्ती ओळखता येत नाही. तेव्हा ज्या गावात जुनी पंचधातूची मूर्ती आहे, मुखवटा आहे, पालखीतले टाक आहेत, तिथल्या पुजाऱ्यांना आणि विश्वस्तांना माझी विनंती आहे. वर्षातून एकदा, अभिषेकानंतर आणि पोशाख चढवण्याआधी, मूर्तीचे फोटो काढा. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि शक्य असेल तर तळाचा. शेजारी पट्टी ठेवा. उंची, वजन, झिजलेल्या आणि तुटलेल्या जागा लिहून काढा, तारीख टाका, पाच पंचांच्या सह्या घ्या आणि एक प्रत गावाबाहेर कोणाकडे तरी ठेवा. फोनवर होणारं हे अर्ध्या तासाचं काम आहे.

सांगण्याआधी करावं म्हणून मी आमच्या बाळकृष्णाचं हे सगळं केलं. उंची साडेसात सेंटिमीटर. नाक झिजलेलं, डाव्या गुडघ्याखाली ओतताना राहिलेलं बारीक छिद्र, तळाला कारागिराची खूण नाही. वजनासाठी काटा कोपऱ्यावरच्या वाण्याकडून आणला. भरलं २८० ग्रॅम.